शुगरसाठी हायपरबॅरिक ऑक्सिजन घेताय? या चुका टाळा

हायपरबॅरिक ऑक्सिजन म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन घेणं. मी असं चेंबर चालवतो. आमच्याकडे बहुतेक माणसं पायाची न भरणारी जखम घेऊन येतात. अलीकडे मात्र वेगळी मंडळीही येऊ लागली आहेत. पायाला काही झालेलं नसतं. वजन वाढलेलं, शुगर काठावर आणि मोबाइलवर वाचलेलं एकच वाक्य तोंडात: चेंबरमध्ये झोपलं की शरीर इन्सुलिनला दाद देऊ लागतं. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. अर्धं समजून घेऊन आलेली माणसं रोज त्याच चुका करतात.

उपाशी पोटी येणं

ही चूक जिवावर बेतते. एक काकू टाचेच्या जखमेसाठी यायच्या. सतरावी सिटिंग होती. गोळी घेतली का विचारलं, तर "घेतली की". खाल्लं का विचारलं, तर "झालं थोडं". शुगर ११८ भरली. मी दार लावलं आणि दाब दोन अ‍ॅटमॉस्फिअरवर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दुप्पट नेला.

चाळीस मिनिटं झाली असतील. काकूंनी चेंबरच्या पारदर्शक भिंतीवर तळहात टेकवला आणि हात खाली घेतला, तर तिथे बोटांसकट ओला ठसा. कपाळावरही घाम. इंटरकॉमवरून विचारलं, "काकू, बरं वाटतंय ना?" त्या म्हणाल्या, "दूध उतू जातंय, गॅस बंद कर."

अशा वेळी ऑपरेटरची काय अवस्था होते ते सांगतो. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेताना क्वचित ऑक्सिजनचीच बाधा होऊन झटका येतो. शुगर उतरली तरी घाम येतो, माणूस भ्रमतो आणि त्यालाही झटका येऊ शकतो. झटका चालू असताना दाब उतरवायचा नसतो, कारण श्वास कोंडलेला असेल तर आतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. शुगर उतरली असेल तर मात्र पेशंटला लवकरात लवकर बाहेर काढायचं असतं. एकट्याच्या चेंबरमध्ये साखरेचा खडासुद्धा आत देता येत नाही. काकू बोलत होत्या, श्वास नीट चालू होता, म्हणून दाब उतरवायला घेतला. बाहेर आल्यावर शुगर ५२. ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ९६ झाली. मग म्हणाल्या, "संकष्टी होती रे. चहा घेतला होता अर्धा कप. गोळी कशी चुकवायची?"

चूक माझीही होती. "थोडं" म्हणजे किती, हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून "खाल्लं का" हा प्रश्न मी टाकून दिला. काय खाल्लं आणि किती वाजता, एवढंच विचारतो. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर १४० च्या खाली असेल तर दूध-पोळी खायला लावतो, थांबवतो, पुन्हा तपासतो. हा आकडा माझ्या सवयीचा आहे, दुसऱ्या सेंटरचा वेगळा असेल. थांबायला वेळ नाही म्हणणाऱ्याला मी त्या दिवशी आत घेत नाही, मग तो कितीही रागावो. आणि उपास असेल तर गोळीचं काय करायचं हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, चेंबरच्या दारात नको.

मोठ्या चेंबरमध्ये आत बसून शुगर मोजत असतील तर स्ट्रिप कोणती ते बघा. ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमवर चालणारी स्ट्रिप जास्त ऑक्सिजनमध्ये आकडा खरा असेल त्याहून कमी दाखवते.

बोटावरचा आकडा उतरला म्हणजे आजार बरा झाला असं समजणं

चेंबरमुळे शरीर इन्सुलिनला दाद देतं, या म्हणण्यामागचं मूळ काम ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचं. विल्किन्सन, चॅपमन आणि हाइलब्रॉन यांचा निबंध २०१२ मध्ये आला. पुढे २०१५ मध्ये याच गटाने जास्त वजनाच्या पुरुषांवरचं काम छापलं, त्यात मधुमेह असलेले आणि नसलेले असे दोन्ही होते. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. पण त्यांनी तो कसा मोजला? बोटाला सुई टोचून नव्हे. एका शिरेतून ठरावीक इन्सुलिन सोडत राहायचं, दुसरीकडून ग्लुकोज द्यायचं, दर थोड्या मिनिटांनी रक्त तपासायचं आणि शुगर स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागतं ते पाहायचं. त्याला क्लॅम्प म्हणतात. सिटिंगनंतर तुमची शुगर १६० वरून १२० झाली, यातून तसं काहीच सिद्ध होत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी तर आणखी वेगळं.

शिवाय अभ्यास लहान होते आणि २०१५ च्या कामात एकही बाई नव्हती. अमेरिकेतल्या अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटीच्या मान्य यादीत मधुमेही पायाच्या निवडक जखमा आहेत, वाढलेलं वजन नाही. नुसत्या वजन-शुगरसाठी कुणी तीस सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारत असेल तर मला मनापासून राग येतो. अमेरिकेतल्याच २००२ च्या मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ज्यांना तेवढं चालता येतं त्यांनी आधी चालावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेनवाली पिशवी आणि खरं चेंबर एकच समजणं

घरी भाड्याने मिळणाऱ्या, चेन लावून बंद होणाऱ्या मऊ चेंबरमध्ये दाब साधारण १.३ अ‍ॅटमॉस्फिअर असतो. आत साधी हवा भरलेली असेल तर हिशेब करा: २१ टक्के गुणिले १.३, म्हणजे सुमारे २७. बाहेर बसून २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखंच झालं. दोन अ‍ॅटमॉस्फिअरला शुद्ध ऑक्सिजन म्हणजे याच मापात २००. अ‍ॅडलेडचे निष्कर्ष दोन अ‍ॅटमॉस्फिअरचे आहेत, ते पिशवीला लावू नका.

बाकीच्या चुका

सर्दी लपवून येऊ नका. दाब चढताना कानात दडे बसतात, नाक चोंदलेलं असेल तर पडदा फाटू शकतो. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधीपासून आवंढा गिळत राहा.

केसांना तेल, अंगाला बाम, नायलॉनची साडी, खिशात मोबाइल: यातलं काहीही आत नको. १९९७ मध्ये मिलानला चेंबरमध्ये आग लागून ११ माणसं गेली. "आज एक दिवस चालवून घ्या" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

छातीचा एक्स-रे टाळू नका. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर आत जाणं जिवावर बेतू शकतं.

शुगर चांगली येतेय म्हणून स्वतःच गोळ्या बंद करू नका.

आणि वीस-तीस सिटिंगनंतर लांबचं धूसर दिसू लागलं तर लगेच नवा चष्मा करू नका. नंबर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूळ पदावर येतो.