सीम वेल्डिंग मशीन सुधारायचं? आधी तांबं तपासा, कंट्रोलर नंतर

नाशिक परिसरातल्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या शेडमध्ये टाक्या, सायलेन्सर आणि रेडिएटरचे भाग सीम वेल्ड करणारी (दोन फिरत्या चाकांमध्ये पत्रे दाबून करंटने सलग जोडणारी) मशीनं बहुतेक सिंगल फेज एसीची आणि वयस्कर असतात. लिकेज वाढलं की पहिलं कोटेशन मागवलं जातं ते नव्या कंट्रोलरचं. ही घाई महागात पडते. हेडमधला (चाक धरणाऱ्या भागातला) बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टला करंट देणारं कडं, खाल्लेला असेल तर नवा कंट्रोलर करंट टिकवण्यासाठी हीट (करंट किती सोडायचा ती सेटिंग) वाढवत जातो, बुश आणखी तापतो आणि लिकेज आहे तिथेच राहतं. म्हणून क्रम असा धरा: आधी करंटची वाट, मग दाब, मग चाकाचा वेग, मग पाणी. पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी.

हिशेबासाठी एकच जॉब समोर ठेवू. १ मिमी जाडीचे दोन सीआरसीए (थंड रोल करून मऊ केलेले) पोलादी पत्रे, जोड गळता कामा नये. सुरुवातीची सेटिंग: करंट १५ किलोअँपिअर, दाब ४.४ किलोन्यूटन (सुमारे ४५० किलो), करंट ३ सायकल चालू, ३ सायकल बंद, चाकाची टेकणारी कड ६ मिमी रुंद, वेग मिनिटाला १.४ मीटर. आपल्या ५० हर्ट्झवर ६ सायकल म्हणजे १२० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ नगेट (वितळून जुळलेले ठिपके). या वेगाला दोन नगेटमधलं अंतर साधारण २.८ मिमी येतं आणि नगेट एकमेकांवर नीट चढतात. प्रॉडक्शनच्या दबावाखाली वेग २ मीटर केला आणि टायमिंग तसंच ठेवलं, तर अंतर ४ मिमी होतं. जोड दिसायला छान, पाण्यात धरला की बुडबुडे. वेग वाढवायचाच असेल तर २ चालू, २ बंद करा आणि करंट त्यानुसार चढवा. परदेशी तक्त्यांतले सायकलचे आकडे बऱ्याचदा ६० हर्ट्झचे असतात. ते इथे तसेच उतरवले तर वेगाचं गणित चुकतं.

करंटची वाट

सेकंडरीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चाकांकडच्या बाजूला, व्होल्टेज जेमतेम काही व्होल्टचं असतं, त्यामुळे तिथे प्रत्येक मायक्रोओहम मोजावा लागतो. १५ किलोअँपिअरवर १० मायक्रोओहमचा एक खराब जोड ०.१५ व्होल्ट खातो आणि करंट चालू असताना २.२५ किलोवॉट उष्णता काढतो. म्हणजे मशीनच्या पोटात एक मोठा गिझर चालू आहे, आणि त्याचं बिल तुम्ही भरताय.

मशीन बंद करून लॉक करा. १०० अँपिअर डीसी देणारा मायक्रोओहममीटर घ्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या पॅडपासून चाकापर्यंत एकेक जोड वेगळा मोजा: पॅड ते लवचीक पट्टा, पट्टा ते आर्म (हेड धरणारा लांब हात), आर्म ते हेड, हेड ते शाफ्ट, शाफ्ट ते चाक. घासून, सपाट करून, पूर्ण टॉर्कने आवळलेला बोल्टचा जोड १-२ मायक्रोओहमच्या आत यायला हवा. जास्त आला तर जोड उघडा, पृष्ठभाग सपाट करून घ्या आणि शक्य असेल तर चांदीचं प्लेटिंग करा. बोल्टखाली बेलव्हिल (बशीसारखे, स्प्रिंगचं काम करणारे) वॉशर हवेतच. दोन्ही आर्ममधून करंट उलट दिशांनी जातो, त्यामुळे ते एकमेकांना सेकंदाला १०० वेळा ढकलतात, आणि साध्या वॉशरवर आवळलेला बोल्ट या थरथरीने हळूहळू ढिला होतो. बोल्ट आणि आधाराच्या पट्ट्या स्टेनलेस ३०४ किंवा पितळेच्या घ्या. माइल्ड स्टील तिथे नुसतं बसल्या जागी तापतं.

सगळ्यात नाजूक जागा फिरत्या हेडची. इथे करंट स्थिर भागातून फिरत्या शाफ्टमध्ये उतरतो. चाक थोडं थोडं फिरवून आठ ठिकाणी रीडिंग घ्या. रीडिंग वरखाली होत असेल तर बुश एका बाजूने झिजलाय. जॉबवरही याची खूण सापडते. लिकेजच्या जागांमधलं अंतर पट्टीने मोजा. २५० मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ ७८५ मिमी. दोष बरोबर तेवढ्या अंतराने परत येत असेल तर तो चाकात किंवा बुशमध्ये आहे. अंतर गिअरच्या दात्यांशी जुळत असेल तर ड्राइव्ह उघडा. कुठेच जुळत नसेल तर पत्र्यावरचं तेल, गंज आणि फिटअप (पत्रे एकमेकांवर नीट बसलेत का) बघा.

नवीन हेड बनवताना साध्या बुशऐवजी तुकड्यातुकड्यांचे, मागून स्प्रिंगचा दाब असलेले चांदीच्या तोंडाचे कॉन्टॅक्ट द्या. झीज झाली तरी ते आपोआप पुढे सरकतात. बुशच ठेवणार असाल तर लांबी वाढवा आणि आत फक्त करंट वाहून नेणारं ग्रीस भरा. गाडीचं लिथियम ग्रीस इथे जळून कोळसा होतं आणि तो थर इन्सुलेशनचं काम करतो. शाफ्टचं वजन बॉल बेअरिंगवर असेल तर त्याचं हाउसिंग इन्सुलेट करा. करंटला बेअरिंगमधून वाट मिळाली की गोळ्यांवर खड्डे पडायला वेळ लागत नाही.

थ्रोट आणि आर्म

थ्रोटचं (दोन आर्ममधल्या मोकळ्या जागेचं) क्षेत्रफळ जितकं मोठं तितका सेकंडरीचा रिॲक्टन्स (एसी करंटला होणारा अडथळा) जास्त, आणि तेवढ्याच करंटला व्होल्टेज जास्त लागतं. मशीन विकत घेताना ‘उद्या मोठा जॉब आला तर’ म्हणून मोठा थ्रोट घेतला जातो आणि नंतर रोज त्याचा भुर्दंड बसतो. आर्ममधली उंची कमी करता येत असेल तर करा. लवचीक पट्टे लोंबत ठेवू नका, एकमेकांच्या जवळून न्या.

पिंपासारख्या जॉबचा लांबीतला जोड करताना लोखंड हळूहळू थ्रोटमध्ये शिरतं आणि करंट पडत जातो. टोरॉइड किंवा रोगोव्स्की कॉइलने (आर्मभोवती घालून करंट मोजणाऱ्या कड्याने) जोडाच्या सुरुवातीला आणि शेवटी करंट मोजा. फरक दिसला तर आधी थ्रोटमधलं फिक्स्चर माइल्ड स्टीलऐवजी ॲल्युमिनियमचं किंवा ३०४ चं करा. कंट्रोलरच्या कॉन्स्टंट करंट मोडची (करंट आपोआप सारखा ठेवण्याची) गरज त्यानंतर किती उरते ते पाहा.

आर्म वाकण्याचा हिशेब फार कमी ठिकाणी केलेला दिसतो. ८०० मिमी लांब, १०० मिमी व्यासाचा भरीव तांब्याचा आर्म ४.४ किलोन्यूटनखाली टोकाला सुमारे १.३ मिमी वाकतो. व्यास १२५ केला की साधारण अर्धा मिमी, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबीच्या सीमच्या मशीनवर चाकाचा अक्ष आर्मला काटकोनात असतो, त्यामुळे हे वाकणं बरंचसं खपून जातं. गोल सीमच्या मशीनवर मात्र अक्ष आर्मच्याच दिशेने असतो. तिथे चाक तिरकं होतं, ६ मिमीच्या कडेची एकच बाजू दाबते आणि दुसऱ्या बाजूने ठिणग्या उडतात. अशा मशीनवर जाड आर्म घ्या, किंवा खालून इन्सुलेटेड टेकू द्या.

दाब

१०० मिमी बोअरच्या सिलिंडरला ४.४ किलोन्यूटन द्यायला ५.६ बार लागतात. शेडची लाइन ६ बारची आणि शेजारचा प्रेस चालू झाला की ५ वर येणारी असेल, तर दाब कधी मिळेल, कधी नाही. १२५ मिमी बोअर घेतलं की हेच काम ३.६ बारमध्ये होतं. मशीनजवळ छोटी रिसीव्हर टाकी आणि प्रिसिजन रेग्युलेटर लावा. डव्हटेल स्लाइड (खाचेत घासत सरकणारी) असेल तर हेड अडकत अडकत खाली येतं आणि पत्रा मऊ झाला की चाक त्याच्यामागे पटकन जात नाही. एलएम गाइड (गोळ्यांवर सरकणारी पट्टी) आणि कमी घर्षणाचा सिलिंडर बसवा, हेडचं वजनही कमी करा. दाब गेजवर वाचू नका. दोन चाकांमध्ये लोडसेल ठेवून मोजा, कारण हेडचं वजन आणि सीलचं घर्षण गेजला कळत नाही.

चाक आणि त्याचा वेग

माइल्ड स्टीलसाठी चाक कॉपर क्रोमियम झिर्कोनियमचं. स्टेनलेसला दाब जास्त लागतो, तिथे कॉपर कोबाल्ट बेरिलियमसारखं कडक मटेरियल घ्या. बेरिलियमची भुकटी फुप्फुसाला घातक असते, म्हणून असं चाक कोरडं घासू नका.

शाफ्टवरून चालणाऱ्या चाकाचा व्यास २५० वरून २२० वर आला की त्याच आरपीएमवर वेग १२ टक्के घटतो. नगेट दाटीवाटीने पडतात, पत्रा जास्त तापतो, आणि ऑपरेटर करंट कमी करून ते झाकतो. यावर दोन उपाय आहेत. एक, कडेवर दाबून फिरणारा नर्ल (खरबरीत नक्षीचा) रोलर. व्यास कितीही असो, कडेचा वेग तोच राहतो, आणि चाकाला चिकटलेलं जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचं जस्तही खरवडून निघतं. जोडावर नर्लची नक्षी उठते, ती ग्राहकाला चालते का ते आधी विचारून घ्या. दोन, व्हीएफडी किंवा सर्व्हो (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह), ज्यात ड्रेसिंगनंतर (चाकाची कड घासून नीट केल्यावर) नवा व्यास भरला की आरपीएम आपोआप बदलतो. दोन्ही चाकं एकाच गिअरवरून फिरवत असाल तर व्यास सारखे राहायलाच हवेत, नाहीतर एक चाक घसरतं आणि जॉबवर ओरखडे पडतात. साध्या कामाला एक चाक फिरतं आणि दुसरं मोकळं, हेच बरं.

पाणी

जुन्या मशीनवर एकच पाइप ट्रान्सफॉर्मर, आर्म, चाक असा फिरून बाहेर पडतो. चाकाला मिळतं ते आधीच गरम झालेलं पाणी. मॅनिफोल्ड लावून समांतर फांद्या करा आणि प्रत्येक फांदीला फ्लो स्विच द्या. चाकावर बाहेरूनही धार हवी. बोअरच्या जड पाण्याने आतल्या वाटा क्षाराने बुजतात, म्हणून डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची बंद साखळी आणि चिलर. नाशिकच्या मे महिन्यात चिलरशिवाय निभावणं कठीणच. पावसाळ्यात मात्र उलटं संकट येतं. पाणी फार थंड ठेवलं की ट्रान्सफॉर्मरवर आणि थायरिस्टरच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) हीटसिंकवर दव धरतं आणि इन्सुलेशन जातं. जून ते सप्टेंबर सेटपॉइंट वर घ्या. नळीला घाम फुटलेला दिसला तर तो अजून चढवा.

आता पॉवर सप्लाय

ट्रान्सफॉर्मरची पाटी नीट वाचा. केव्हीए रेटिंग बहुतेक ५० टक्के ड्युटीवर (करंट अर्धाच वेळ चालू धरून) दिलेलं असतं. १५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर अखंड करंटच्या सीमला फक्त १०६ केव्हीए देऊ शकतो. सिंगल फेज एसी ठेवणार असाल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेजची पायरी) असा निवडा की थायरिस्टर जवळजवळ पूर्ण उघडे राहतील. हीट ४० टक्क्यांवर ठेवून काम केलं की दोन अर्ध्या सायकलमधली करंटशून्य फट वाढते आणि नगेट थंड होतं.

१००० हर्ट्झचा इन्व्हर्टर आणि डीसी ट्रान्सफॉर्मर ही खरी उडी आहे. तिन्ही फेजवर सारखा लोड येतो, पॉवर फॅक्टर सुधारतो, आणि थ्रोटमधल्या लोखंडाने करंट पडत नाही. केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या युनिटवर) बिल येणाऱ्या शेडला हा फरक पैशांत दिसतो. पण डीसीतही १० मायक्रोओहमचा जोड तितकाच तापतो.

प्रत्येक बदलानंतर पिलो (उशी) टेस्ट घ्या. १५० मिमीचे दोन चौरस तुकडे घ्या, एकाला मधोमध भोक पाडून निपल (पाण्याची नळी जोडायचं तोंड) ब्रेझ करा, चारही कडा सीम करा आणि हातपंपाने पाण्याचा दाब चढवा. हवेने कधीही नाही, फुटताना तुकडे उडतात. उशी फुगून पत्रा फाटला तर सेटिंग बरोबर. शिवणीवरूनच उसवली तर तो तुकडा कापून पॉलिश करा, ॲसिडने एच करा आणि नगेट किती खोल गेलंय, एकमेकांवर किती चढलंय ते भिंगाखाली पाहा. नगेट उथळ असेल तर करंट, दूरदूर असतील तर वेग, आणि मधेच गायब असेल तर पुन्हा बुश.