मिरजेच्या तंबोऱ्याची नक्षी एके-४७ वर कशी उतरवायची

काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) या गोळीबाराच्या गेमसाठी स्किन, म्हणजे बंदुकीवर चढवायची रंगनक्षी, बनवायची म्हटलं की बहुतेक पोरं ड्रॅगन, कवट्या नाहीतर निऑन घेऊन बसतात, अरे पण आपल्या मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यावर काय काम असतं ते एकदा जवळून बघा, भोपळ्याच्या कडेनं कोरलेली लाकडी पानं, पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेषांची बारीक वेलबुट्टी, आणि एके-४७ चा दस्ता पण लाकडीच, म्हणजे जागा आयतीच मिळाली.

आधी फोटो. कारागिराला विचारून काढा आणि सावलीत काढा, पॉलिशवर ऊन चमकलं की रेषाच दिसत नाहीत. फोटो फक्त बघायला, नक्षी स्वतःच्या हातानं काढायची, वर्कशॉपला, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या स्किन जिथं पाठवतात त्या स्टीमवरच्या जागेला, दुसऱ्याचं काम चालत नाही.

मग स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून सीएस२ चे वर्कशॉप टूल्स टाका, बंदुकीचं मॉडेल आणि यूव्ही शीट उतरवून घ्या. यूव्ही शीट म्हणजे चिरमुऱ्याची पुडी उलगडल्यासारखी सपाट झालेली बंदूक. तुकडे वेगवेगळे पडलेले असतात, त्यामुळं वेल थेट शीटवर काढली की जोडावर तुटते. म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्चर पेंट मोडमध्ये जाऊन बंदुकीवरच कच्ची रेघ मारा, नंतर ती शीट क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पक्की करा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

आता खरं काम. मॅप म्हणजे त्याच शीटच्या मापाची चित्रं, एक रंगासाठी, एक उठावासाठी, एक चमकेसाठी. रंगाच्या मॅपमध्ये सावली रंगवू नका, उजेड-सावली गेम स्वतः पाडतो. पानांचा उठाव नॉर्मल मॅपमध्ये द्यायचा. चमक रफनेस मॅपमध्ये, तिथं काळं म्हणजे गुळगुळीत, पांढरं म्हणजे खरखरीत, तर पांढरी पट्टी इथं गडद ठेवा आणि लाकूड थोडं उजळ, मग बंदूक फिरवली की पट्टी आधी चमकते, हे बघायला लई भारी वाटतं.

खेळताना जास्त करून बंदुकीची डावी बाजू दिसते, सगळ्यात देखणी वेल तिथं. पण उजवी बाजू मोकळी सोडू नका.

झीज तर तपासाच. गेममध्ये स्किनची झीज ० ते १ अशी मोजतात, फॅक्टरी न्यू म्हणजे कोरी ०.०७ पर्यंत, बॅटल-स्कार्ड म्हणजे पार झिजलेली ०.४५ च्या पुढं, टूलमध्ये स्लायडर शेवटपर्यंत ओढून बघा, वेल पूर्ण गेली असेल तर तिच्या जागी झीज कमी करा आणि कडांवर जास्त राहू द्या, जुना तंबोरा पण हात लागतो तिथंच झिजतो.

अपलोड केली म्हणून लगेच गेममध्ये येत नाही, गेम बनवणारी वाल्व कंपनी निवडेल तेव्हाच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, डिस्क्रिप्शनमध्ये मिरजेचं नाव नक्की टाका.