एसक्यूलाइटच्या त्रुटी पायथॉनमध्ये कशा हाताळाव्यात

एसक्यूलाइट ही प्रोग्रॅमच्या आतच बसणारी डेटाबेस लायब्ररी. रिचर्ड हिप यांनी ती 2000 साली आणली आणि आज ती अँड्रॉइड फोनपासून ब्राउझरपर्यंत सगळीकडे आहे. तिला वेगळा सर्व्हर नाही. त्यामुळे फाइल लॉक झाली, डिस्क भरली किंवा एखादा नियम मोडला, तर ते निस्तरायचं काम थेट आपल्या कोडवर येतं. अशा वेळी ‘एक्सेप्ट’खाली (त्रुटी पकडणाऱ्या भागात) नुसतं ‘पास’ (काहीच करू नका) लिहून मोकळं होणं मला फार घातक वाटतं, कारण प्रोग्रॅम चालू राहतो आणि आतला डेटा मात्र बिघडत जातो.

उदाहरणाला वाचनालयाचा छोटा प्रोग्रॅम घेऊ. ‘पुस्तके’ टेबलात शिल्लक प्रतींचा रकाना आहे. तो शून्याखाली जाऊ नये म्हणून त्यावर चेक, म्हणजे मूल्य तपासणारा नियम, लावलेला आहे. कोणी कोणतं पुस्तक नेलं ते ‘देवघेव’ टेबलात जातं.

1. कनेक्शन उघडतानाच दोन गोष्टी करा

फॉरेन की म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात असलेल्या नोंदीशीच जोडलेली हवी हा नियम. त्याची तपासणी एसक्यूलाइटमध्ये सहसा बंद असते. ‘प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन’ ही ओळ दर कनेक्शनला द्यावी लागते. ती विसरलात तर नसलेल्या सभासदाच्या नावावरही पुस्तक जाईल आणि एकही त्रुटी येणार नाही. दुसरी गोष्ट टाइमआउटची. फाइल लॉक असेल तर पायथॉनचं मॉड्यूल 5 सेकंद वाट पाहतं. मूळ सी लायब्ररी, आपण सांगितलं नाही तर, अजिबात थांबत नाही.

2. ट्रान्झॅक्शनची हद्द स्वतः ठरवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सावकाश पाहू. ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्रच पक्क्या करायच्या (कमिट) किंवा एकत्रच मागे घ्यायच्या (रोलबॅक) आज्ञांचा गठ्ठा. पुस्तक देताना आपण आधी ‘देवघेव’मध्ये ओळ घालतो, मग ‘पुस्तके’मधली एक प्रत कमी करतो. समजा प्रत शिल्लकच नव्हती. दुसरी आज्ञा चेकवर अडकते, इंटिग्रिटी एरर (नियम मोडल्याची त्रुटी) येते, आपण ती पकडून ‘प्रत शिल्लक नाही’ असा संदेश दाखवतो. वरवर सगळं ठीक दिसतं. पण एसक्यूलाइटने फक्त ती दुसरी आज्ञा मागे घेतलेली असते. ट्रान्झॅक्शन अजून उघडं आहे आणि पहिली ओळ त्यात तशीच पडून आहे. पुढच्या सभासदाला पुस्तक देताना कमिट झालं की ती ओळही कायमची नोंदली जाते. न दिलेल्या पुस्तकाचा दंड मग कोणाच्या तरी माथी बसतो.

म्हणून दोन्ही आज्ञा कनेक्शनच्या एकाच ‘विथ’ ब्लॉकमध्ये ठेवा आणि ‘ट्राय’ त्या ब्लॉकच्या बाहेर लावा. ब्लॉकमधून एक्सेप्शन बाहेर पडलं की रोलबॅक होतो, सुरळीत संपलं तर कमिट. एक्सेप्शन आतल्या आतच गिळलंत तर मात्र रोलबॅक होत नाही. हा ब्लॉक कनेक्शन बंदही करत नाही, ते स्वतः करायचं.

3. संदेशावरून नाही, कोडवरून ओळखा

त्रुटीच्या मजकुरात शब्द शोधून निर्णय घेऊ नका, तो मजकूर माणसासाठी आहे. पायथॉन 3.11 पासून एक्सेप्शनवर ‘एसक्यूलाइट_एररकोड’ आणि ‘एसक्यूलाइट_एररनेम’ मिळतात. इंटिग्रिटी एरर आली आणि कोड 2067 असेल तर युनिकचा (तेच मूल्य दोनदा नको) नियम मोडला, 787 असेल तर फॉरेन कीचा, 275 असेल तर चेकचा. या मोठ्या आकड्याला 256 ने भागून उरणारी बाकी हा मूळ कोड. तिन्हींत ती 19 येते, म्हणजे कन्स्ट्रेंट (नियमभंग). हे वापरणाऱ्याला समजेल अशा मराठीत सांगा आणि पुन्हा माहिती मागा.

प्रोग्रॅमिंग एरर आली तर ती पकडू नका. चूक कोडमध्ये आहे, ती दिसू द्या.

4. ‘डेटाबेस इज लॉक्ड’

हा कोड 5, बिझी. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. वॉल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) लावला तर वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत, पण लिहिणारा एकच राहतो. टाइमआउट वाढवून बरेचदा भागतं. मात्र ट्रान्झॅक्शन वाचनाने सुरू केलं, मधल्या काळात दुसऱ्याने लिहिलं, आणि मग आपण लिहायला गेलो, तर वॉल मोडमध्ये 517 हा कोड तत्काळ येतो. इथे थांबून काही उपयोग नाही, कारण आपण वाचलेलं चित्र जुनं झालेलं असतं. रोलबॅक करून वाचनापासून पुन्हा सुरुवात करा. लिहायचं आहे हे आधीच माहीत असेल तर ‘बिगिन इमिजिएट’ने (लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच घेणारी आज्ञा) सुरू करा, म्हणजे वाट पाहणं सुरुवातीलाच होईल.

5. जिथे थांबायलाच हवं

कोड 11 म्हणजे फाइल खराब, 13 म्हणजे डिस्क भरलेली. डिस्क भरली असेल तर जागा करून पुन्हा प्रयत्न करता येतो. फाइल खराब असेल तर लिहिणं ताबडतोब बंद करा, फाइलची आणि शेजारी ‘-वॉल’ने संपणारी फाइल असेल तर तिचीही प्रत काढा, मग प्रतीवर ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा. नुसती मुख्य फाइल उचललीत तर ताज्या नोंदी मागे राहू शकतात.

हे सगळं लिहून झालं की दुसऱ्या खिडकीत एसक्यूलाइटचं शेल उघडा, त्याच फाइलवर ‘बिगिन इमिजिएट’ द्या आणि तसंच सोडून आपल्या प्रोग्रॅममधून पुस्तक देऊन पाहा. टाइमआउट संपल्यावर स्पष्ट संदेश यायला हवा, आणि ‘देवघेव’मध्ये नवी ओळ दिसता कामा नये.