बाळाला सांभाळायला मावशी आणि घरात कॅमेरा: कुठे लावायचा, काय बघायचं

२६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपत आली की पाळणाघर की घरी मावशी हा वाद सुरू होतो, आणि मावशी ठरल्या की पाठोपाठ कॅमेरा येतोच. घ्यायला हरकत नाही, पण आधी पोलीस व्हेरिफिकेशन, मावशी आधी काम करत होत्या त्या घरी फोन करून चौकशी आणि आठ-दहा दिवस आपण घरात असताना मावशींना बाळाबरोबर बघणं, हे सगळं उरकून मग कॅमेरा. कॅमेरा आहे म्हणून चौकशी टाळायची असं करू नका, कारण कॅमेरा झालेलं दाखवतो, होण्याआधी थांबवत नाही.

पहिलं काम म्हणजे मावशींना सांगणं. लपवून लावायचे सल्ले भरपूर मिळतील, माझं मत साफ विरुद्ध आहे. एक तर आपल्याला नीट वागणारी बाई हवीये, सापळ्यात सापडणारी नकोय, आणि दुसरं म्हणजे चार दिवसांनी त्यांना कळलं की त्या निघून जातात आणि अख्ख्या सोसायटीतल्या बायकांना सांगतात, मग दुसरी मावशी मिळणं मुश्किल. साधं बोलायचं, "मावशी, हॉलमध्ये आणि बाळाच्या खोलीत कॅमेरा आहे, आवाज पण येतो, मी ऑफिसातून अधूनमधून बघते. तुम्ही जेवताय, जरा आडव्या झालात, तर त्यावरून मी काही बोलणार नाही. आतल्या खोलीत काही लावलेलं नाही, साडी तिथे बदला." आणि मोबाईलवर त्यांना दाखवायचं की हे बघा असं दिसतं. माणसाला एकदा दिसलं की नेमकं काय दिसतं, की निम्मी धास्ती जाते.

बाथरूम आणि कपडे बदलायची जागा, तिथे कॅमेरा कुठल्याही परिस्थितीत नाही. आयटी कायद्याच्या कलम ६६ई प्रमाणे संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मावशी रात्री राहणाऱ्या असतील तर त्या झोपतात ती खोलीही सोडा, बाळ त्याच खोलीत झोपत असेल तर कॅमेऱ्याचं तोंड फक्त पाळण्याकडे.

जागा म्हणाल तर बाळ जेवतं तिथे एक आणि झोपतं तिथे एक, दोन पुरतात. कोपऱ्यात, माणसाच्या डोक्याच्या वर, खिडकीकडे तोंड न करता, नाहीतर दुपारी नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. वायर भिंतीला क्लिपांनी पक्की करा आणि पाळण्यापासून किमान तीन फूट लांब ठेवा, रांगणारं पोर वायर ओढतंच आणि ती गळ्याभोवती अडकू शकते.

सेटअप करताना बरेच जण अडकतात ते वायफायवर. बहुतेक स्वस्त कॅमेरे वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडवर चालतात आणि आपला फोन ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर असतो, मग तासभर "कनेक्ट होत नाही" चालू. मेमरी कार्ड हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या, साधं कार्ड सतत रेकॉर्डिंगने लवकर मरतं. फुल एचडीला साधारण एक एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट डेटा) धरला तर दिवसाला १० जीबीच्या आसपास जातं, म्हणजे ६४ जीबीत पाच-सहा दिवस, मग जुनं आपोआप पुसलं जातं. राउटरला छोटा यूपीएस लावा, कॅमेऱ्यालाही चालेल असा बघून, कारण लाईट गेली की फीड बंद पडतो आणि आपल्या मनात लगेच येतं की मावशींनीच बंद केला असणार. पासवर्डचा कंटाळा करू नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (हॅकरच्या ताब्यातल्या उपकरणांचं जाळं) लाखभराहून जास्त कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले होते ते मुख्यतः कंपनीचा मूळ पासवर्ड कुणी बदललेला नव्हता म्हणून. टू स्टेप लॉगिन चालू करा आणि ॲक्सेस फक्त आईबाबांकडे, आत्या-मामा-काका सगळ्यांना बाळ बघायला लिंक पाठवायची नाही.

आता बघायचं काय. दिवसभर बघत बसलात तर ना ऑफिसचं काम होणार ना जिवाला चैन, आणि पंख्याने पडदा हलला तरी अलर्ट येतो, म्हणून मोशन झोन, म्हणजे हालचाल टिपायची हद्द, पाळण्यापुरता ठेवा. जेवण, झोपवणं आणि उठल्यानंतरचा वेळ, एवढं फास्ट फॉरवर्ड करून बघितलं तरी बरंच कळतं. वरणभात भरवताना मोबाईल लावला, हे संध्याकाळी बोलून सुटतं. पण बाळ रडतंय आणि बराच वेळ कुणी जवळ जात नाही, एका हाताला धरून उचलतात, तोंड दाबून घास कोंबतात, हे वेगळं. आणि रोज दुपारी अचानक तीन-चार तास गाढ झोप, उठल्यावर पोर गळून गेलेलं असेल तर औषधांचं कपाट बघा आणि डॉक्टरांना दाखवा, सर्दी-ॲलर्जीच्या काही सिरपनी झोप येते. कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून मात्र बोलू नका, भिंतीतून आईचा आवाज आला की बाळ शोधत रडतं, फोन करा.

खरंच मारहाण दिसली तर आधी शेजारी कुणाला तरी वर पाठवा, मग तुम्ही निघा. बाळाला डॉक्टरांकडे न्या, ११२ (पोलीस) किंवा १०९८ (चाइल्डलाइन) वर फोन करा. कार्ड काढून तसंच ठेवा, क्लिप कापू-जोडू नका, पुरावा म्हणून मूळ रेकॉर्डिंग लागतं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली हा गुन्हा आहे. क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची नाही, कितीही संताप आला तरी, त्यात आपलंच लेकरू दिसतं आणि ती एकदा गेली की परत येत नाही.

आपण घरी आलो की कॅमेरा प्रायव्हसी मोडवर टाका, नाहीतर नवरा-बायकोची भांडणं पण कार्डावर. मावशी काम सोडून गेल्या की वायफायचा पासवर्ड बदला, आणि कॅमेरा कुणाला द्यायचा झाला तर कार्ड काढून, फॅक्टरी रीसेट करून, ॲपमधून डिलीट करून मगच द्या.