मूकपटाला पियानोची साथ करताय? या चुका टाळा

"आयत्या वेळी सुचेल तेच तर वाजवायचंय, मग तयारी कसली?" बायबलवरच्या मूकपटाला साथ करायला निघालेल्या नवशिक्यांकडून हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सूर आयत्या वेळचे असतील, चित्रपट आयत्या वेळचा नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुठली प्रत दाखवणार हे न विचारणं. हॉलिवूडचे दिग्दर्शक सेसिल डेमिल यांचा येशूच्या जीवनावरचा 'द किंग ऑफ किंग्ज' १९२७ साली आला तेव्हा १५५ मिनिटांचा होता. पुढच्या वर्षी सर्वत्र लावण्यासाठी तो ११२ मिनिटांवर आणला. आज दोन्ही मिळतात. एका चर्चच्या सभागृहात एक होतकरू मुलगा छोटी प्रत मोबाइलवर बघून आला आणि पडद्यावर लागली मोठी. त्याचा सगळा हिशेब चुकला. क्रूसासाठी राखलेली धून केव्हाच वाजवून झाली, आणि त्याआधीची, रोमन सुभेदार पिलातासमोरची येशूची चौकशी अजून चालूच! पुढे शेवटपर्यंत तेच चार कॉर्ड फिरवत बसला. श्रोते सज्जन होते, टाळ्या पडल्या. मी आयोजकांकडून दाखवणार तीच फाइल मागवतो आणि आवाज बंद करून पूर्ण बघतो. पुढे ढकलत बघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फ्रेमचा वेगही विचारून घ्या, सेकंदाला १८ आणि २४ यांत लांबी चांगलीच बदलते.

दुसरी चूक माझ्या खास रागातली: चित्रपट भव्य, म्हणून पहिल्या रिळापासून बडवायचं. याच चित्रपटाची सुरुवात मेरी मग्दालीनच्या मेजवानीने होते. रंगीत दृश्य, झेब्र्यांचा रथ. हात शिवशिवतात, कबूल. पण येशू पहिल्यांदा दिसतो तो एका आंधळ्या मुलीच्या नजरेतून. आधी काळोख, मग उजेड, मग चेहरा. तिथे मी सरळ थांबतो. थांबलं तर मानधन कापतील अशी भीती नवशिक्यांना का वाटते, देव जाणे. क्रूसानंतर वादळ आणि भूकंप येतो, तोवर खर्जातल्या शेवटच्या सप्तकाला मी बोटही लावत नाही. आधीच सगळं उधळलेल्यांना तिथे नुसतं सूर लांबवणारं पेडल दाबून धरावं लागतं आणि सगळा गाळ होतो.

इजिप्त दिसलं की लगेच 'पूर्वेकडचे' सूर काढू नका. १९२३ च्या 'द टेन कमांडमेंट्स'मध्ये मोशेची इजिप्तमधून सुटकेची गोष्ट आटोपली की कथा थेट त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोत उतरते. तिथेही वाळवंट वाजवत बसलेले वादक मी ऐकलेत.

पडद्यावर बायबलच्या वचनांच्या पाट्या येतात तेव्हा हात हलका ठेवा, लोक वाचत असतात.

जुना अभिनय बघून गमतीचे तुकडे तर मुळीच घुसडू नका. मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट बघताना दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले होते. शेजारी कुणी खिदळवणारा वादक असता तर?

क्रूसावर खिळे ठोकताना हातोड्याच्या प्रत्येक घावाला पियानोवर एक ठोका, हेही नको.

आणि पियानो जागेवर ठेवताना स्वतः हजर राहा. पडद्याला अगदी चिकटून ठेवला तर मान वर करून अडीच तास बसावं लागतं. मी तो बाजूला, तिरका ठेवून घेतो आणि सुरांच्या टिपणावरचा दिवा कापडाने झाकतो, नाहीतर पहिल्या रांगेतली मंडळी दिव्याकडेच बघतात.