टर्मिनलवरून टेक्स्ट छापताय? या चुका टाळा

निपाणी, खानापूर, बेळगावात बऱ्याच दुकानांत जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून करकरतोय. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ‘एलपी’ लिहून फाईलचं नाव दिलं की पान यायला हवं. नाही आलं तर लगेच मेकॅनिकला फोन करू नका.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते देवनागरी. फाईल ‘रॉ’, म्हणजे काहीही न बदलता जशीच्या तशी, पाठवली की प्रिंटर अक्षर ओळखत नाही, नुसते बाइट घेतो. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘बेळगाव’ म्हणजे काना-मात्रा धरून 6 चिन्हं, 18 बाइट. प्रिंटरचं कोड पेज, म्हणजे कुठल्या बाइटला कुठलं अक्षर हा तक्ता, 437 असेल तर कागदावर दर वेळी ग्रीक अल्फा, मग टोपीवाला एन, मग आणखी काहीतरी. मराठीचं हे असं, तर कन्नडही त्याच माळेतलं; तिथेही तीनच बाइट. फाईल ‘पॅप्स’ या टेक्स्टचं छापण्याजोगं पान करणाऱ्या प्रोग्राममधून काढून एलपीला द्या, किंवा लिब्रेऑफिसमधून पीडीएफ करा. जोडाक्षरं नीट येतील, फक्त रांगेला, म्हणजे कामं जिथे छपाईसाठी थांबतात तिला, त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लावलेला हवा. अक्षरं चित्रासारखी छापली जातात म्हणून वेळ लागतो. काउंटरवर गर्दी असेल तर माझं मत सरळ आहे: दुकानाचं नाव छापील कागदावर आधीच घ्या, बिल इंग्रजीत काढा.

ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकतायत? लिनक्सच्या फाईलीत ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड (खाली सरक) असतो, कॅरेज रिटर्न (डावीकडे परत ये) नसतो. फाईलीवर ‘युनिक्स-टू-डॉस’ ही कमांड (‘टू’ म्हणजे 2 आकडा) फिरवा, झालं.

लाईट जाऊन आल्यावर काहीच छापत नसेल, तर ‘एलपीस्टॅट -पी’ देऊन प्रिंटरची स्थिती बघा. एरर पॉलिसी, म्हणजे चूक झाल्यावर काय करायचं ती सेटिंग, ‘स्टॉप-प्रिंटर’ असेल, तर एकदा चूक झाली की कप्स (लिनक्सवर छपाई सांभाळणारी प्रणाली) ती रांग थांबवून ठेवतं. लोक काय करतात, तीच कमांड पाच वेळा मारतात. मग कोणीतरी रांग चालू करणारी ‘कप्सएनेबल’ कमांड देतो आणि एकाच गिऱ्हाइकाची पाच बिलं धडाधड बाहेर! आधी ‘कॅन्सल -ए’ आणि प्रिंटरचं नाव देऊन रांग साफ करा, मग चालू करा. पॉलिसी ‘रीट्राय-जॉब’ केलीत तर ही कटकट बरीच कमी होते.

लेझरवर खालच्या ओळी कापल्या जात असतील तर कागदाची साइज तपासा. लेटर 279 मिलिमीटर लांब, ए4 297. एलपीच्या कमांडला ‘-ओ मीडिया=ए4’ जोडा.