वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: स्लीव्ह, बायपास की आणखी काही? निवड कशी करावी

शस्त्रक्रियेचा विचार पक्का झाला की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: कशात जास्त किलो उतरतील? प्रश्न साहजिक आहे, पण निवडीची सुरुवात तिथून केली की घोळ होतो. सर्वाधिक केल्या जाणाऱ्या दोन शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडणं; हृदयाचा बायपास तो वेगळा). स्लीव्हनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ टक्के घट होते, बायपासनंतर साधारण ३० टक्के. १२० किलोच्या माणसासाठी हा फरक सहा किलोंचा. पण घशाशी येणारं आंबट पाणी, मधुमेह, रोजच्या गोळ्या आणि तंबाखू या बाबतींत या दोन शस्त्रक्रिया फार वेगळ्या वागतात. म्हणून किलोंचा हिशेब शेवटी करा.

पायरी १: आपण शस्त्रक्रियेच्या टप्प्यावर आहोत का, ते पाहा

वजन (किलो) भागिले उंचीचा वर्ग (मीटर), हा झाला बीएमआय. उंची १.६० मीटर आणि वजन १०० किलो असेल तर बीएमआय ३९ येतो. १९९१ सालच्या अमेरिकी निकषांनुसार बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल तरच शस्त्रक्रिया सुचवली जायची. २०२२ मध्ये शल्यविशारदांच्या संघटनांनी हे निकष बदलले. आता ३५ च्या वर बीएमआय असेल तर सोबत आजार असलाच पाहिजे अशी अट नाही आणि ३० ते ३५ च्या दरम्यान मधुमेह वगैरे असल्यास विचार करता येतो. आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी हा विचार २७.५ पासून सुरू होतो.

याच टप्प्यावर औषधांबद्दलही डॉक्टरांशी बोला. सेमाग्लुटाइडच्या आठवड्याच्या इंजेक्शनने सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आणि टिरझेपाटाइडच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याचं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. औषध थांबवलं की वजन बऱ्याच अंशी परत येतं, ही त्यातली मेख. तरीही बीएमआय ३० ते ३५ च्या दरम्यान असेल तर औषधाला आधी संधी द्यावी, असं मला वाटतं. पोटात ठेवायचा बलून मात्र बहुधा सहा महिन्यांनी काढावा लागतो. तो शस्त्रक्रियेचा पर्याय नाही.

पायरी २: सर्जनकडे जाण्याआधी एक कागद भरा

त्यावर हे लिहा: जळजळ किंवा आंबट ढेकर आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री झोपेतून उठवतात का. मधुमेह किती वर्षांपासून आहे, इन्सुलिन चालू आहे का, शेवटचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) किती होतं. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या लागतात का. तंबाखू, सिगारेट, दारू किती, हे खरं खरं लिहा. फिट्स, थायरॉइड, रक्त पातळ करणं किंवा मानसिक आजार यासाठी कायमची औषधं चालू असतील तर ती. पोटाची आधी झालेली ऑपरेशनं. पुढच्या दोन वर्षांत गरोदरपणाचा विचार आहे का, तेही.

घोरण्याचा उल्लेख लोक विसरतात. झोपेत श्वास अडकत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायला हवं.

पायरी ३: एंडोस्कोपी झाल्याशिवाय शस्त्रक्रिया ठरवू नका

माझा सगळ्यात जास्त आग्रह या पायरीचा आहे. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका आणि जठर आतून पाहण्याची ही तपासणी काही ठिकाणी लक्षणं नसतील तर वगळतात. पण अन्ननलिकेला सूज असूनही जळजळ न जाणवणारे बरेच लोक असतात, त्यामुळे केवळ लक्षणांवर विसंबता येत नाही.

अहवाल हातात आला की तीन गोष्टी शोधा. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आहे का. ती ए, बी, सी, डी अशा चढत्या श्रेणीत लिहितात आणि सी किंवा डी असेल तर स्लीव्हचा विचार बहुतेक सर्जन सोडून देतात. ‘बॅरेट्स’ हा शब्द आहे का. म्हणजे आम्लामुळे अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं आहे, आणि अशा वेळी स्लीव्ह टाळलेली बरी. आणि हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का, असल्यास केवढा. छोटा असेल तर तो त्याच ऑपरेशनमध्ये दुरुस्त करता येतो. मोठा असेल तर बायपासकडे कल जातो. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणीही याच वेळी होते.

पायरी ४: प्रत्येक शस्त्रक्रियेत शरीराचं नेमकं काय होतं, ते समजून घ्या

सगळ्या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडून होतात. फरक आतल्या कामात असतो.

*स्लीव्ह.* जठराचा बाहेरच्या बाजूचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लागत नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होतं, म्हणून नुसतं पोट लहान होण्यापलीकडे भूकही मंदावते. काढलेला भाग परत येत नाही. ही नळी आतून दाब धरते, त्यामुळे आम्ल वर सरकायला वाव मिळतो. स्लीव्हचा खरा तोटा हा.

*बायपास.* जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा एक भाग वर आणून तिला जोडतात. पाचकरस आणणारं दुसरं टोक खाली काही अंतरावर जोडलं जातं, त्यामुळे जोड दोन होतात. उरलेलं जठर काढत नाहीत, ते जागेवरच राहतं. मात्र नेहमीच्या एंडोस्कोपने त्यात पुढे कधी डोकावता येत नाही. घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर हे सर्जनना आवर्जून सांगा.

बायपासनंतर गोड खाल्लं तर काय होतं ते आधीच माहीत हवं. गोड पेय भरभर प्यायलं की दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात आणि आडवं पडावंसं वाटतं. याला डम्पिंग म्हणतात. काहींना जेवल्यावर एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. प्रत्येकाला हे होत नाही, आणि ज्यांना होतं त्यातले काही त्या धाकाने गोड सोडतातही. पण गोडाची सवय मोडावी म्हणून बायपास निवडणं मला पटत नाही.

*मिनी बायपास.* यात जठराची लांबट पिशवी आणि आतड्याशी एकच जोड असतो. वेळ कमी लागतो, वजन उत्तम उतरतं, साखरेवरही चांगला परिणाम होतो. पण पित्त जठराच्या पिशवीत उलटं येऊ शकतं. आतड्याचा किती भाग वगळणार, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत २०० सेंटिमीटर वगळून केलेल्या मिनी बायपासमध्ये वजन नेहमीच्या बायपासइतकंच उतरलं, पण पोषणाच्या तक्रारी जास्त आढळल्या. म्हणून सर्जनना थेट विचारा: माझं किती सेंटिमीटर वगळणार?

*ड्युओडिनल स्विच.* स्लीव्ह करून शिवाय आतड्याचा मोठा भाग वगळतात. वजन सर्वांत जास्त उतरतं, मधुमेहावर परिणामही सर्वांत जोरकस. किंमतही तशीच: प्रथिनांची आणि ए, डी, ई, के या जीवनसत्त्वांची कमतरता, वारंवार पातळ शौच. बीएमआय ५० च्या वर असेल आणि आयुष्यभर तपासण्यांना येण्याची खात्री असेल तरच याचा विचार करावा. स्लीव्ह ही स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून रुळली ती याच ऑपरेशनचा पहिला टप्पा म्हणून करता करता.

*बँड.* जठराभोवती बसवायचा हा सिलिकॉनचा पट्टा एकेकाळी फार चालला. तो सरकणं, जठरात रुतणं, वजन पुरेसं न उतरणं, यामुळे अनेकांना तो काढावा लागला. आज नव्याने कुणी सुचवला तर कारण विचारा आणि दुसरं मतही घ्या.

पायरी ५: आपला कागद आणि शस्त्रक्रिया यांची सांगड घाला

जळजळ रोजची असेल तर बायपास, इतकं हे सरळ आहे. फिनलंडमध्ये २४० जणांवर झालेल्या चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांच्या. स्वित्झर्लंडमधल्या चाचणीतही पाच वर्षांनी आम्लाचा त्रास वाढलेले लोक स्लीव्हमध्ये सुमारे ३२ टक्के आणि बायपासमध्ये सुमारे ६ टक्के होते. ‘स्लीव्ह करून टाका, त्रास झाला तर पुढे बायपास करू’ असं कुणी म्हटलं तर ते दुसरं मोठं ऑपरेशन आहे, हे लक्षात घ्या.

मधुमेह असेल तर कल बायपासकडे, पण स्लीव्हही बरंच काम करते. अमेरिकेतल्या १५० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले लोक बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर ५ टक्के होते. या आकड्यांतूनच कळतं की साखर कायमची जाईल अशी हमी कुणी देऊ नये. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितकी वर्षं चालू, तितकी तो पूर्ण हटण्याची शक्यता कमी. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवसांत साखर झपाट्याने उतरते, म्हणून इन्सुलिन आणि गोळ्यांचे डोस कोण आणि कधी कमी करणार, हे आधीच ठरवा.

वेदनाशामक गोळ्यांवाचून चालत नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल तर बायपास आणि मिनी बायपास दोन्हींत जोडावर व्रण (अल्सर) होण्याचा धोका मोठा असतो. अशांसाठी स्लीव्ह अधिक सुरक्षित. तंबाखू मात्र कुठल्याही शस्त्रक्रियेआधी निदान सहा आठवडे बंद हवीच. आतड्याचा क्रोन्स आजार असेल किंवा मूत्रपिंड, यकृत प्रत्यारोपणाची तयारी चालू असेल तर सहसा स्लीव्हच सुचवतात, कारण आतडं जसंच्या तसं राहतं आणि औषधांचं शोषण फारसं बदलत नाही. फिट्सच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डोसबद्दल त्या-त्या डॉक्टरांचं लेखी मत आणावं.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि आधी नसलेलं व्यसनही नंतर लागू शकतं. आधीच पिणं जास्त असेल तर शस्त्रक्रियेआधी व्यसनमुक्तीचे उपचार घ्या.

जळजळ नाही, मधुमेह नाही किंवा नवाच आहे, आतड्याशी छेडछाड नको वाटते, अशा माणसाला स्लीव्ह योग्य. दोन्ही शक्य असतील तर आपले सर्जन जी शस्त्रक्रिया सातत्याने करतात तिला झुकतं माप द्यावं.

पायरी ६: सर्जनना विचारायचे प्रश्न

माझ्यासाठी हीच का आणि दुसरी का नाही? ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? टाक्यांतून गळती किंवा रक्तस्राव झाला तर रात्री कुणाला फोन करायचा? आहारतज्ज्ञ शस्त्रक्रियेनंतर किती काळ सोबत असतील? चांगल्या केंद्रांत मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास असतो. पण हा सरासरीचा आकडा झाला. तुमचं वय, हृदय आणि फुप्फुसं पाहून तुमचा धोका किती, ते विचारा.

पायरी ७: नंतरची शिस्त झेपेल का, ते आधी ठरवा

जेवण घासाघासाने, नीट चावून, अर्धा तास लावून. प्रथिनं दिवसाला निदान ६० ग्रॅम. जेवताना पाणी नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व कायमचं. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी लोहाकडे विशेष लक्ष द्यायचं. गोळ्या रोज घेणं जमणारच नाही असं स्वतःबद्दल माहीत असेल तर बायपास आणि स्विच बाजूला ठेवा. स्लीव्हमध्येही गोळ्या लागतातच, पण चुकल्या तर नुकसान तुलनेने कमी. गरोदरपण वर्ष ते दीड वर्ष पुढे ढकलावं लागतं. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी पहिले सहा महिने गोळी देतात का, तेही विचारा.

शस्त्रक्रियेनंतर ऑपरेशनचा तपशील लिहिलेला कागद मागून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. बायपासला वर्षं लोटल्यावरही पोटात अचानक जोराची कळ आली तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. साधा एक्स-रे ते चुकवू शकतो. इमर्जन्सीमध्ये पहिल्याच वाक्यात ‘माझा जठराचा बायपास झाला आहे, सीटी स्कॅन करा’ असं सांगा. आणि कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी बी१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगा. त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.